मामा, कोणती सिस्टीम घेऊ?

३ जुलै

प्रिय मामा,

झाला एकदाचा प्रवेश. संगणकशास्त्र, पहिलं वर्ष. आईने तुला फोनवर सांगितलं असेलच, पण आम्ही फोनवर बोलायला लागलो की ती शेजारी उभी राहून माझी निम्मी वाक्यं स्वतःच पूर्ण करते. म्हणून ही ई-मेल.

विद्यापीठाने पाठवलेल्या कागदावर फक्त ‘लॅपटॉप आवश्यक’ एवढंच आहे. कोणता, त्यात कोणती ऑपरेटिंग सिस्टीम, काही नाही. दुकानदार म्हणतो विंडोज घ्या, सगळं जग तेच वापरतं. खालच्या मजल्यावरची मुलगी दुसऱ्या वर्षाला आहे, ती म्हणते मॅकशिवाय बघू नकोस. आणि प्रवेशाच्या रांगेत माझ्यापुढे उभा असलेला एक दाढीवाला म्हणाला, प्रोग्रॅमिंग करायचं असेल तर लिनक्स, बाकी सगळा पोरखेळ. तिघांनाही इतकी खात्री होती की मी आणखीच गोंधळलो.

घरात याबाबत विचारावं असा माणूस तूच. माझे तीन प्रश्न आहेत. एक, माउसला अजिबात हात न लावता सगळं काम कोणत्या सिस्टीमवर होतं? दोन, स्क्रीनवर जे लिहिलंय ते मोठ्याने वाचून दाखवायची सोय कुठली चांगली? तीन, अक्षरं खूप मोठी केली तर खिडक्या वेड्यावाकड्या होतात का?

आई बरी आहे. ती काम करते त्या इस्पितळाच्या शिवणखोलीत नवीन मशिनं आलीत, त्यांचा आवाज होत नाही म्हणून तिची तक्रार आहे.

तुझा,
भाचा

९ जुलै

भाचेबुवा,

अभिनंदन! आमच्या घराण्यात संगणक शाळेत जाऊन शिकणारा तू पहिला. मी आपला गोदीतल्या जुन्या यंत्रांना लाथा घालत घालत शिकलो.

हाताने लिहितोय, रागावू नकोस. दिवसभर सव्वीस संगणकांचं आजारपण काढल्यावर घरी येऊन पुन्हा बटणं बडवायची ताकद उरत नाही. अक्षर लावून घे.

मुद्द्याचं बोलतो. लिनक्स. दाढीवाला कोण होता माहीत नाही, पण त्याच्या पाठीवर माझ्याकडून थाप दे. आमच्या नकाशाघरात जहाजांचे आराखडे साठवणारं एक यंत्र आहे. अकरा वर्षं चालू आहे, कुरकुर नाही. त्यात काय चाललंय ते तुला प्रत्येक क्षणी विचारता येतं आणि ते खरं उत्तर देतं. माणसांबद्दल मी एवढं म्हणू शकत नाही.

तुझे प्रश्न. माउसला हात न लावता? शाब्बास! हा प्रश्न ज्याला पडतो तो पोरगा पुढे जाणार. काळ्या खिडकीत टपाटप आज्ञा टाईप करायच्या, बोटं कीबोर्डवरून उठता कामा नयेत. वाचून दाखवायची सोय? ती कशाला रे? लोळत अभ्यास करायचा विचार आहे का? आणि अक्षरं मोठी हवी असतील तर चष्म्याचा नंबर तपासून घे, त्यासाठी सिस्टीम कशाला बदलतोस!

तू काही विकत घेऊ नकोस. माझ्याकडे एक उत्तम लॅपटॉप आहे, पातळ, हलका. त्यावर मी स्वतः सगळं बसवून देतो. मामाकडून एवढं घ्यायला हरकत नाही.

मामा

१५ जुलै

प्रिय मामा,

तुझं पत्र आईने वाचून दाखवलं. दोन शब्दांपाशी तीही अडली. खरंच सांगतो, यापुढे टाईप कर. विनंती आहे.

लॅपटॉपचं ऐकून बरं वाटलं, पण थोडं थांबशील का? मी अभ्यासक्रम मागवून घेतला. पहिल्या सहामाहीत सी आणि पायथन आहे. ते कुठेही चालतं. प्रयोगशाळेतली यंत्रं लिनक्सची आहेत, तिथे घरून जोडून घेऊन काम करता येतं. पण संख्याशास्त्राच्या बाईंना त्यांच्या ठरावीक प्रोग्रॅममधले तक्तेच लागतात. आणि परीक्षेचा म्हणून एक प्रोग्रॅम आहे. तो सुरू झाला की यंत्रावरचं बाकी सगळं बंद करतो, कुणी कॉपी करू नये म्हणून. तो फक्त विंडोज आणि मॅकवर चालतो.

म्हणजे विंडोज घेतलं आणि त्याच्याच पोटात एक लिनक्स बसवलं, तर सगळं भागेल असं मला वाटतं. तसं करता येतं, मी वाचलंय. तुला काय वाटतं? चिडून सांगू नकोस, विचार करून सांग.

आणि वाचून दाखवण्याबद्दल तू उत्तर दिलं नाहीस.

भाचा

२८ जुलै

भाचेबुवा,

हे घे, टाईप केलं. माझ्या अक्षरावर आजवर फक्त तुझ्या आजोबांनी टीका केली होती, त्यानंतर तूच.

लॅपटॉप काल कुरिअरने निघाला. तुझं पत्र आलं तेव्हा निम्मं काम झालं होतं आणि मला अर्धवट काम ठेवता येत नाही. विंडोजच्या पोटात लिनक्स म्हणजे दुसऱ्याच्या घरात पोटभाडेकरू म्हणून राहणं. स्वतःचं घर असताना कशाला? परीक्षेचं परीक्षेच्या वेळी बघू, विद्यापीठाच्या यंत्रावर बसून दे.

यंत्र कसं लावलंय बघ. नको ते सगळं काढून टाकलं. काळी पार्श्वभूमी, त्यावर करडी बारीक अक्षरं, एका नजरेत शंभर ओळी दिसतात. यंत्रातच चौदा चित्रं ठेवली आहेत. कुठे काय दाबायचं ते चित्रातच बाणाने दाखवलंय, वाचायची भानगडच नाही. ही चित्रं काढायला मला दोन रविवार लागले, तेव्हा नीट बघ.

मामा

१० ऑगस्ट

प्रिय मामा,

लॅपटॉप मिळाला. पॅकिंग फार काळजीने केलं होतंस. पण मला तो वापरता येत नाहीये. स्क्रीन जरा लहान पडते. मी दुसरा घेतला, विंडोजचा. तुझा परत पाठवतोय.

रागावू नकोस. कॉलेज सुरू झालंय, धावपळ आहे.

भाचा

१४ ऑगस्ट

भाचेबुवा,

खोका मिळाला. चार्जरची वायर मी जशी गुंडाळली होती तशीच होती. यंत्रातली नोंद बघितली. तू ते दोनदा चालू केलंस, एकदा नऊ मिनिटं आणि एकदा चार. चौदा चित्रांतलं एकही उघडलेलं नाही.

स्क्रीन लहान पडते! तुझ्या वयात मी त्याच्या निम्म्या स्क्रीनवर काम करत होतो. ताईला फोन करून विचारलं तर ती म्हणते, ‘त्यालाच विचार.’ तुम्हा दोघांचं काय चाललंय मला कळत नाही. तुला विंडोज हवं होतं, तू घेतलंस, ठीक आहे. पण खोटं कारण कशाला? माझी पद्धत जुनी वाटते असं तोंडावर सांगितलं असतंस तर एक वेळ चाललं असतं. एकदा नीट डोळे उघडून बघितलं असतंस त्या यंत्राकडे, तर कळलं असतं तुला मी काय केलंय ते.

असो. अभ्यास कर.

मामा

२० ऑगस्ट

प्रिय मामा,

तुझं पत्र मी तीनदा ऐकलं. हो, ऐकलं. माझ्या लॅपटॉपवरचा स्क्रीन रीडर म्हणजे वाचक प्रोग्रॅम ते मला वाचून दाखवतो. तू चिडून लिहिलेलंही तो त्याच सपाट आवाजात वाचतो.

मला आजोबांचाच आजार झालाय. दीड वर्षापूर्वी कळलं. डॉक्टरांनी आईला सांगितलं की हा आईकडून मुलाकडे येतो, तिला स्वतःला काही होत नाही. त्यानंतर दोन दिवस ती माझ्याशी धड बोललीच नाही, जणू तिनेच मुद्दाम काही केलं होतं. मला सध्या मधलं थोडं दिसतं, कागदाची सुरनळी डोळ्याला लावून बघावं तसं. कडेचं सगळं गेलंय. रोज दारांना आपटतो. मोठं केलेलं अक्षर एकेक करून वाचता येतं, पण ओळ संपेपर्यंत सुरुवात विसरतो. हे मधलंही किती टिकेल ते डॉक्टर सांगू शकत नाहीत. आजोबांचं चाळिशीत गेलं. माझं त्याच्या आधी जाईल असं वाटतं.

तुला सांगू नको असं आईने बजावलं होतं. म्हणाली, ‘अण्णांचे डोळे गेले तेव्हा तो फार खचला होता. घर सोडून गोदीत गेला तो त्यामुळेच. जरा स्थिरस्थावर होऊ दे, मग सांगू.’ मी ऐकलं, कारण मलाही सांगायचं नव्हतं. तू माझ्याशी नेहमीसारखं बोलावंस असं वाटत होतं. तसा बोललास.

तर माझे तीन प्रश्न का होते ते आता कळेल. माउसचा बाण मला सापडतच नाही. वाचक प्रोग्रॅम लागतोच. आणि उरलेली नजर आहे तोवर अक्षरं हाताएवढी लागतात.

तुझ्या यंत्राचं काय झालं ते सांगतो. मी चालू केलं. बोलतं करायची बटणं मला पाठ आहेत, ती दाबली. ते दोन शब्द बोललं आणि गप्प झालं. पुन्हा दाबली, पुन्हा दोन शब्द. मग मी डोळा स्क्रीनला चिकटवून बघितलं, तर काळ्यावर करडं, मला काहीच दिसेना. चित्रं उघडणार कशी, आणि उघडून बघणार काय? सूचना चित्रात असल्या की वाचक प्रोग्रॅम फक्त ‘चित्र, चित्र, चित्र’ म्हणतो. तू किती मन लावून केलंयस ते मला वायरच्या घडीवरूनच कळत होतं. म्हणून ती तशीच परत गुंडाळली.

विंडोज मी हट्टाने नाही निवडलं. दीड वर्ष एका बाईंकडे मी त्यावरचाच वाचक प्रोग्रॅम शिकलोय. दोनशेच्या वर शॉर्टकट बोटांत बसलेत. आता नवीन घर मांडायला वेळ नाही.

पण हे सगळं फुकट जाईल असं दिसतंय. परीक्षेचा प्रोग्रॅम बाकी सगळं बंद करतो म्हणालो ना? तो माझा वाचक प्रोग्रॅमही बंद करतो. ऑक्टोबरच्या शेवटी परीक्षा आहे. विभागाला दोन अर्ज दिले, उत्तर नाही. शाखा बदलायची मुदत पंधरा सप्टेंबर आहे. इतिहासाला जागा आहेत म्हणे.

भाचा

११ सप्टेंबर

प्रिय भाच्या,

तीन आठवडे लागले. रोज लिहायला बसत होतो.

तुझं पत्र आलं त्या दिवशी मी कामावर गेलो. माझं तोंड बघून सगळ्यांना वाटलं दाढ दुखतेय, मीही हो म्हटलं. ‘डोळे उघडून बघ’ हे मी लिहिलं. ते मागे घेता येत नाही. माफ कर, एवढंच म्हणतो.

ताईला वाटतं मी अण्णांच्या दुःखाने घर सोडलं. तसं नाही. ते कुणालाच सांगितलेलं नाही, तुला सांगतो. अण्णांची नजर गेली तेव्हा मी सतरा वर्षांचा होतो. रोज सकाळी त्यांना वर्तमानपत्र वाचून दाखवायचं काम माझं. मला जाम कंटाळा यायचा. मग मी बातम्या गाळायला लागलो. आधी बाजारभाव, मग अग्रलेख, मग आतली पानंच. ‘संपलं?’ ते विचारायचे. ‘संपलं,’ मी म्हणायचो. एका सकाळी मला मित्रांबरोबर पोहायला जायचं होतं, शेवटचं पान मी वाचलंच नाही. त्या पानावर त्यांच्या लहानपणापासूनच्या दोस्ताच्या मृत्यूची बातमी होती. अण्णांना ते दोन महिन्यांनी दुसऱ्याच कुणाकडून कळलं. संध्याकाळी फक्त म्हणाले, ‘तेवढं वाचायला हवं होतंस.’ त्यानंतर त्यांनी मला कधी वाचायला सांगितलं नाही. सहा महिन्यांनी मी गोदीत नोकरी धरली.

आता तू परत पाठवलेल्या यंत्राबद्दल. डोळ्यांवर टॉवेल बांधला आणि त्याच्यासमोर बसलो. आठ दिवस, रोज सकाळी कामाला जायच्या आधी तासभर. पहिल्या दिवशी मला स्वतःच्याच यंत्रात शिरता आलं नाही. ते दोन शब्द बोलून गप्प होत होतं, तू म्हणालास तस्संच. कारण शोधलं. वीज वाचावी म्हणून आवाजाचा भाग दोन सेकंदांनी झोपेल असं मीच करून ठेवलं होतं, आणि त्याला उठवणारा तुकडा मीच ‘अडगळ’ म्हणून काढून टाकला होता. लिनक्सचा काही दोष नव्हता. ते खरं उत्तर देतं, असं मी तुला लिहिलं होतं. देत होतं ते, मीच त्याचं तोंड दाबून ठेवलं होतं.

ते दुरुस्त केल्यावर माझी चौदा चित्रं ऐकून बघितली. चित्र एक. चित्र दोन. चौदापर्यंत ऐकलं.

तू विंडोज निवडलंस ते बरोबर केलंस. बोटांत बसलेलं सोडू नकोस. मी उगाच माझी आवड तुझ्या गळ्यात मारत होतो.

इतिहासाकडे जाऊ नकोस. जायचं असेल तर इतिहास आवडतो म्हणून जा. मुदत चार दिवसांवर आली, म्हणून आज काहीही करून पाठवतोय. तुझ्या विभागप्रमुखांचा पत्ता कळव, मी रजा टाकून येतो आणि त्यांच्या टेबलावर हात आपटतो.

मामा

१७ सप्टेंबर

प्रिय मामा,

कुणाच्याही टेबलावर हात आपटू नकोस. चार वर्षं मला इथे काढायची आहेत.

मुदत गेली. मी शाखा बदलली नाही. तुझं पत्र आलं नसतं तरी कदाचित बदलली नसती, पण ‘कदाचित’ हा शब्द खोडायला तुझी मदत झाली. आजोबांचं वाचून काय वाटलं ते नीट लिहिता येत नाही. आईला सांगू की नको ते तू ठरव. मला विचारशील तर सांग.

दरम्यान विभागाचं उत्तर आलं. परीक्षेला लेखनिक देऊ म्हणतात. मी सांगायचं, त्याने टाईप करायचं. मामा, शाळेच्या शेवटच्या परीक्षेत मला लेखनिक होता. भला माणूस. मी सांगितलेलं त्याला पटलं नाही की स्वतःच्या मनाने सुधारायचा. दोनदा बरोबर उत्तर चुकवलं आणि एकदा चुकीचं बरोबर केलं. मला आजही माहीत नाही, त्या मार्कांत माझे किती होते. आणि प्रोग्रॅम असा तोंडी कसा सांगायचा? ‘कंस’ म्हटलं तर कुठला? ओळ किती आत सरकवायची? एक स्वल्पविराम चुकला की सगळं कोसळतं.

मी जाऊन प्रयोगशाळा सांभाळणाऱ्या काकांशी बोललो. ते म्हणाले, ‘तो प्रोग्रॅम बदलणं आमच्या हातात नाही. पण परीक्षेचा उद्देश काय? तू बाहेरून काही बघू नयेस आणि तू काय केलंस ते आम्हाला कळावं. हे दोन्ही दुसऱ्या कशाने जमत असेल तर आणून दाखव.’

मी आठवडाभर त्यावर विचार केला. पेन ड्राइव्हवरून सुरू होणारी सिस्टीम हवी. सुरू होताक्षणी बोलायला हवी. नेटवर्क बंद, फक्त प्रश्नपत्रिका आणि उत्तर द्यायची जागा. मी दाबलेल्या प्रत्येक बटणाची वेळेसकट नोंद. काढून टाकता येईल ते काढायचं, ठेवायला हवं ते ठेवायचं, आणि आत काय आहे ते विभागाला उघडून बघता यायला हवं.

हे विंडोजवर मला जमणार नाही. आता मला तुझं लिनक्स हवंय.

अट एकच. तू टॉवेल बांधून तपासायचं. आणि मला चित्रं पाठवायची नाहीत.

भाचा

२ ऑक्टोबर

भाच्या,

पेन ड्राइव्ह निघाला. दोन आहेत, एक बिघडला तर दुसरा.

पहिला केला त्यात नेटवर्क बंद केल्यावर आवाजही बंद. दुसऱ्यात आवाज राहिला, पण नकाशाघरातल्या आराखडेवाल्या बाईंना म्हटलं, ‘यातून बाहेर पडून दाखवा,’ तर त्यांनी अर्ध्या तासात इंटरनेट उघडलं आणि मला हवामान वाचून दाखवलं. त्यांना कॉफी पाजली आणि ते भोक बुजवलं. तिसऱ्यातून त्या दोन दिवस प्रयत्न करून बाहेर पडू शकल्या नाहीत. त्याच्याच दोन प्रती तुझ्याकडे येताहेत.

टॉवेल बांधून मी त्यावर एक छोटा प्रोग्रॅम लिहिला. दहा ओळी. एक तास वीस मिनिटं लागली. ‘महिरपी कंस उघडा, महिरपी कंस बंद’ ऐकून ऐकून कान किटले. तू म्हणे याच्या तिप्पट वेगाने ऐकतोस. मी एकदा वेग वाढवून बघितला तर पत्र्यावर वाटाणे सांडल्यासारखं वाटलं. त्यात तुला अर्थ लागतो हे मला खरंच समजत नाही, आणि तुझ्यापुढे मला आता उगाच शहाणपणा करवत नाही.

आत काय ठेवलंय, काय काढलंय त्याची यादी जोडली आहे. साधी अक्षरं, एकही चित्र नाही. प्रत्येक गोष्टीपुढे का ते लिहिलंय. विभागाला ही यादी तू समजावून सांग, मी नाही. काय विचारतील ते आधी स्वतःला विचारून ठेव. एके ठिकाणी मी मुद्दाम कारण लिहिलेलं नाही, ते तू शोध.

ताईला वर्तमानपत्राचं सांगितलं, परवा फोनवर. तिने पूर्ण ऐकून घेतलं. मग म्हणाली, ‘मला वाटायचं तू माझ्यावर रागावून गेलास.’ इतकी वर्षं आम्ही दोघं वेगवेगळी गोष्ट धरून बसलो होतो.

मामा

२७ ऑक्टोबर

प्रिय धाकट्या,

मला टाईप करायला जमत नाही, तुला माझं अक्षर वाचता येतं, म्हणून कागदावर. काल त्याची परीक्षा झाली. तो स्वतः निकाल लागेपर्यंत काही लिहिणार नाही म्हणतो, म्हणून मी लिहिते.

बारा तारखेला विभागाच्या लोकांसमोर त्याने ते पेन ड्राइव्हचं दाखवलं तेव्हा मी नव्हते. घरी आला तेव्हा शर्ट घामाने भिजलेला आणि पहिलं वाक्य, ‘मामाने न लिहिलेलं कारण त्यांनी विचारलं आणि मला येत होतं.’ म्हणजे काय ते तुलाच माहीत.

काल मी त्याच्याबरोबर गेले. तो नको म्हणत होता, पण तो रस्ता ओलांडायचा म्हणजे माझा जीव टांगणीला लागतो. परीक्षेची खोली वेगळी होती. दाराला काच होती. मी बाहेर बाकावर बसले आणि मग बसवेना म्हणून काचेपाशी उभी राहिले.

धाकट्या, त्याच्यासमोरची स्क्रीन पूर्ण काळी होती. त्याने मुद्दाम बंद केली होती, उरलेली नजर थकू नये म्हणून. कानात ते लावलेलं आणि बोटं चाललेली. आमच्या शिवणखोलीत एक म्हातारी बाई होती, ती बोलता बोलता न बघता बटणं लावायची, तशी. मध्येच पर्यवेक्षक उठले. त्यांना शंका आली असावी. त्यांनी त्याच्या खांद्याला हात लावला, कानातलं मागून घेतलं आणि स्वतःच्या कानाला लावलं. वाटलं, आता बंद करणार सगळं. दोन-चार क्षण त्यांनी ऐकलं. चेहरा असा झाला, जणू कुणीतरी त्यांना अनोळखी भाषेत हिशेब विचारलाय. मग त्यांनी ते हळूच परत केलं आणि जाऊन बसले, ते शेवटपर्यंत उठले नाहीत.

तुला सांगू नको असं मीच त्याला म्हटलं होतं. तुला जपत होते असं मला वाटायचं. खरं म्हणजे तुला सांगितलं की मला मोठ्याने बोलावं लागलं असतं की हे माझ्याकडून त्याला आलं. अजून जड जातं. पण काल काचेतून बघताना पहिल्यांदा तो विचार माझ्या मनात आला नाही.

ताई

१२ नोव्हेंबर

प्रिय मामा,

निकाल आधी सांगतो. शंभरात अठ्ठावन्न. पास.

चौथ्या प्रश्नाला शून्य. दहा आकड्यांची यादी चढत्या क्रमाने लावायची होती. मी तऱ्हेतऱ्हेने विचार करून सुंदर रचना केली आणि फेरा एकाने जास्त फिरवला. दहाव्यानंतर अकरावा आकडा शोधायला गेला. अकरावा होता कुठे? प्रोग्रॅम कोसळला. वेळ संपत आली होती आणि मी चालवून न बघताच पुढे गेलो. पेन ड्राइव्हमध्ये एकेका बटणाची नोंद आहे, त्यामुळे कुणावर ढकलायचीही सोय नाही. वाचक प्रोग्रॅमने ती ओळ मला स्पष्ट वाचून दाखवली होती. मीच ऐकून पुढे गेलो.

आता खरी गोष्ट. आमच्या प्रोग्रॅमिंगच्या बाई ऑगस्टपासून माझ्याशी फार हळू आवाजात बोलायच्या. आजाऱ्याच्या उशाशी बसून बोलावं तसं. बाकीच्यांना उभं करून प्रश्न विचारायच्या, मला कधीच नाही. माझ्या प्रोग्रॅमवर नेहमी ‘छान प्रयत्न’. वर्गातली मुलंही माझ्याशी तशीच वागायला लागली होती, मऊ. त्याबद्दल मी आईलाही बोललो नव्हतो. चांगलं वागणाऱ्यांची तक्रार करायची कशी?

काल बाई उत्तरपत्रिका घेऊन वर्गात आल्या. दोघातिघांना झापलं. मग माझं नाव घेतलं. म्हणाल्या, ‘उभा राहा. चौथा प्रश्न तू केलास?’ मी म्हटलं, हो. ‘चालवून बघितलास?’ नाही म्हटलं. मग जो आवाज चढला! ‘एवढी चांगली रचना करतोस आणि एकदा चालवून बघायला होत नाही? हा काय आळशीपणा? पहिल्या आठवड्यात शिकवलेली गोष्ट. पुन्हा असं माझ्यासमोर आणलंस तर मी तपासणारच नाही.’ भिंतीपर्यंत आवाज गेला असेल. मी उभा. कान तापलेले.

खाली बसलो तर शेजारचा मुलगा, जो तीन महिन्यांत माझ्याशी ‘दार इकडे आहे’ यापलीकडे एक वाक्य बोलला नव्हता, तो वाकून म्हणाला, ‘माझाही तोच फेरा चुकलाय. गप्प बस, तिला कळलेलं नाही.’

मला इतकं हसू आलं मामा, की बाईंनी मला पुन्हा उभं केलं.

घरी आल्यावर आईने दार उघडलं. तिला वाटलं मी नापास झालोय, कारण माझ्या चेहऱ्याचा अर्थ तिला काही केल्या लागेना. ‘काय झालं? सांग लवकर,’ ती म्हणाली.

मी म्हटलं, ‘बाईंनी मला सगळ्या वर्गासमोर झाप झाप झापलं.’

ती माझा हात धरून तिथेच दारात बसली आणि म्हणाली, ‘पहिल्यापासून सांग.’

तुझा,
भाचा